बर्लिन नव्हे, पॉइंट अल्फा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शीतयुद्धावरचा लेख वाचला. लेखासोबत एक फोटो आहे. पहाऱ्याचा राखाडी मनोरा, पुढे जाळीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे जवळपास तसाच दुसरा मनोरा. खाली ओळ छापली आहे, ‘बर्लिनची भिंत’. ही बर्लिनची भिंत नाही. ही जागा म्हणजे पॉइंट अल्फा, पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवरचा अमेरिकी फौजेचा पहारा. ती बर्लिनपासून तीनशेवर किलोमीटर दूर आहे आणि तिथे भिंत नव्हतीच, कुंपण होतं. अलीकडच्या मनोऱ्याचा जनरेटर मी निदान आठ-दहा वेळा दुरुस्त केला आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

फोटोची ओळ चुकली एवढंच असतं तर दोन वाक्यांत भागलं असतं. पण लेखाच्या शेवटी म्हटलंय की अमेरिकी फौज चाळीस वर्षं जर्मनीत नुसती बसून होती, बिअर पीत आणि किल्ले बघत, आणि त्या काळात तिथे साधी खिडकीची काचही फुटली नाही. बिअर आणि किल्ल्यांबद्दल मी काही बोलत नाही, ते खरंच आहे. काचेचं मात्र साफ चुकलंय. काचा भरपूर फुटल्या. काचांचं सोडा, मी स्वतः अडीचशे वर्षांचा दगडी खांब पाडला आहे आणि त्याची नोंद सरकारी कागदावर माझ्या सहीनिशी आहे. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त फोटोची दुरुस्ती कापू नका.

आधी मी तिथे कसा, ते थोडक्यात. १९७९ साली पंधराव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेलो. पुढे कॉलेजची फी जमेना, म्हणून १९८४ मध्ये अमेरिकेच्या फौजेत भरती झालो. नागरिकत्व नव्हतं, ग्रीन कार्ड होतं. ग्रीन कार्डवर भरती होता येतं, पण गोपनीय कागद हाताळायची परवानगी मिळत नाही. त्यामुळे रेडिओ, नकाशे, हेरगिरी असलं काही नशिबात आलं नाही. गाड्यांचा मेकॅनिक झालो. फोर्ट डिक्सला प्रशिक्षण संपवून डिसेंबरात फ्रँकफर्टच्या ऱ्हाइन-माइन तळावर उतरलो आणि तिथून बसने शंभरेक किलोमीटरवर फुल्डाला. अकराव्या आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंटचं ठाणं तिथे होतं. बिल्ल्यावर उसळलेला काळा घोडा, म्हणून सगळे ‘ब्लॅकहॉर्स’ म्हणायचे.

फुल्डाचं महत्त्व नकाशा पाहिला की लगेच कळतं. पूर्व जर्मनीचा थुरिंगिया प्रांत तिथे पश्चिमेकडे पोट काढल्यासारखा पुढे आला होता. त्या टोकापासून डोंगरांमधल्या सखल पट्ट्यांतून फ्रँकफर्ट एका दमाच्या अंतरावर. १८१३ मध्ये लाइपझिगला मार खाऊन नेपोलियन याच बाजूने परतला होता. तेव्हा रशियन रणगाडे आले तर इथूनच येणार, असं दोन्हीकडच्या सेनापतींनी गृहीत धरलेलं. आम्ही त्यांना किती वेळ रोखणार हे कुणी उघड सांगायचं नाही. आमचा एक जुना सार्जंट म्हणायचा, ‘आपलं काम फोन करण्याचं. ते आले, एवढं कळवायचं. पुढचं ऐकायला आपण नसणार.’

मी पोचलो तेव्हा डॉलरचा भाव चढता होता. १९८५ च्या फेब्रुवारीत एका डॉलरला जवळजवळ साडेतीन मार्क मिळत. वीस-एकवीस वर्षांची पोरं राजासारखी फिरायची. जवळजवळ तीन वर्षांनंतर, १९८७ च्या अखेरीला, त्याच डॉलरला एक मार्क साठ फेनिगसुद्धा कसेबसे मिळत. छावणीबाहेर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबवाल्या सार्जंटांचे चेहरे तेव्हा बघवत नसत. पगार तोच, घरभाडं मार्कांत. माझ्या माहितीतल्या एकाने गाडी विकली आणि सायकल घेतली.

प्रत्येक नव्या शिपायाला आल्याआल्या जर्मन भाषेचे थोडे धडे देत, ‘हेड स्टार्ट’ नावाचे. स्टेशन कुठे आहे, बिल द्या, धन्यवाद, एवढं यायचं. त्याबरोबर पाकिटात ठेवायला एक छोटं कार्ड मिळायचं. फ्रँकफर्टला सोव्हिएत फौजेचं एक अधिकृत संपर्क पथक होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या करारानुसार त्यांचे अधिकारी आमच्या भागात मोटारीने फिरू शकत आणि तसेच आमचे त्यांच्या भागात. त्यांच्या गाडीची नंबरप्लेट कशी दिसते ते त्या कार्डावर छापलेलं. दिसली की अमुक नंबरला फोन करा. मी तीन वर्षांत एकदाच ती गाडी पाहिली, एका पेट्रोलपंपावर. आतले दोघे आइस्क्रीम खात होते. मी नियमाप्रमाणे फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, ‘कोणतं आइस्क्रीम?’ थट्टा होती की खरंच लिहून घेत होता, मला आजवर समजलेलं नाही. पण पहिल्याच वर्षी, १९८५ च्या मार्चमध्ये, पूर्व जर्मनीत लुडविग्सलुस्टजवळ अशाच कामावर असलेल्या आमच्या एका मेजरला सोव्हिएत पहारेकऱ्याने गोळी घालून मारलं. त्यानंतर त्या कार्डाची थट्टा काही महिने बंद होती.

माझ्या रंगामुळे फुल्डात मला सगळे तुर्की समजत. भाजीवाला तुर्की होता, तो तर पहिल्या दिवशी थेट तुर्कीतच बोलायला लागला आणि मला काही समजत नाही म्हटल्यावर नाराज झाला. डिस्कोच्या दारावर साध्या कपड्यांत गेलो की तुर्की म्हणून अडवत. अमेरिकी ओळखपत्र दाखवलं की दार उघडायचं किंवा, दारावरचा माणूस कोण आहे त्याप्रमाणे, आणखी घट्ट बंद व्हायचं. हा विषय इथेच सोडतो, नाहीतर वेगळं पत्र होईल.

आता मूळ मुद्दा. लेखक म्हणतात फौज बसून होती. फौज बसून कधीच नसते. पहाटे तीनला भोंगा व्हायचा, बरॅकच्या जिन्यात बुटांचा धडधडाट, आणि दोन तासांच्या आत सगळी वाहनं छावणीबाहेर ठरल्या जागी उभी पाहिजेत. खरा हल्ला की तालीम, ते निघताना सांगत नसत. शिवाय सराव. कधी शंभर गाड्यांचे, कधी हजारोंचे. दरवर्षी अमेरिकेतून पलटणी विमानाने आणून ‘रिफॉर्जर’ नावाचा मोठा सराव होई. तो बराच काळ मोकळ्या रानात नव्हे तर नांदत्या प्रदेशात व्हायचा. शेतांतून, गावांतून, लोकांच्या परसांच्या कडेने. साठ टनांच्या आसपासचा एम-वन रणगाडा गावातल्या दगडी रस्त्यावर काटकोनात वळतो तेव्हा काय होतं, ते कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला विचारावं.

पश्चिम जर्मनीच्या पुलांवर गोल पिवळ्या पाट्या असत, काळ्या अक्षरांत रणगाड्याचं आणि ट्रकचं चित्र आणि आकडे. कोणत्या वजनवर्गाचं लष्करी वाहन या पुलावरून जाऊ शकेल, त्याचे ते आकडे. शाळेला जाणारी मुलं त्या पाट्यांखालून सायकलवर जायची. सीमेजवळच्या काही रस्त्यांवर डांबरात गोल लोखंडी झाकणं होती, ओळीने दोन-तीन. मला वाटलं गटाराची. एका जर्मन सहकाऱ्याने सांगितलं की खाली खोल विहिरी बांधलेल्या आहेत. युद्ध सुरू झालं तर त्यात सुरुंग भरून रस्ताच उडवायचा, म्हणजे रणगाडे अडकतील. त्यानंतर त्या झाकणांवरून ट्रक नेताना मी नकळत पाय उचलायचो, जसं काही त्याने फरक पडणार होता.

मार्च १९८५. बर्फ वितळण्याचे दिवस, सगळीकडे चिखल. मोठे सराव बऱ्याचदा भर हिवाळ्यात ठेवत कारण गोठलेल्या जमिनीवर नुकसान कमी होतं, पण लहान सराव बाराही महिने. आम्ही ऱ्योनच्या डोंगरांत एका गावात थांबलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, लहान गाव आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. माझ्याकडे अडीच टनी ट्रक होता, मागे सुट्या भागांच्या पेट्या. ट्रक मागे घ्यायचा असेल तर खाली एक माणूस उभा पाहिजे, हाताने खुणा करणारा, हा नियम पहिल्याच आठवड्यात डोक्यात ठोकून बसवतात. माझा माणूस लघवीला गेला होता. मी म्हटलं चार फुटांचा तर प्रश्न आहे.

मागे ठक्क असा आवाज झाला. फार मोठा नव्हे. उतरून पाहतो तो रस्त्याकडेचा दगडी खांब आडवा. त्या भागात कॅथलिक वस्ती आहे, शेतांच्या वाटांवर, गावाच्या वेशीवर असे कोरीव खांब असतात, त्याला ‘बिल्डश्टॉक’ म्हणतात. तांबूस वालुकाश्म, वर एक लहानसा देव्हारा, त्यात मेरीच्या मांडीवर मृत ख्रिस्त. खाली कोरलेलं साल १७३६. खांब मध्येच तुटून दोन तुकडे झाले होते आणि देव्हारा तोंडावर चिखलात पडला होता.

समोरच्या घरातून एक बाई आली. साठीपुढची, निळ्या फुलांचा बिनबाह्यांचा झगा स्वेटरवर घातलेला, पायांत रबरी बूट. मला वाटलं आता ओरडणार. तिने खांब पाहिला, ट्रक पाहिला, मला पाहिलं आणि परत घरात गेली. बाहेर आली ती हातात पांढरी चादर घेऊन. गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही हातांनी देव्हारा उलटा केला, झग्याच्या टोकाने मेरीच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि चादर अंगावर घालतात तशी घातली. मग माझ्याकडे वळून एकच शब्द बोलली, ‘पापिअर’. कागद.

कागद होताच. सरावाला निघणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरकडे नुकसानीचा फॉर्म द्यायचे, जर्मन आणि इंग्रजी दोन्हींत. मी ट्रकच्या बॉनेटवर ठेवून भरला. बोटं थंडीने वाकत नव्हती. ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, ‘रिव्हर्स’. तिने तो वाचला, घडी करून झग्याच्या खिशात ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मला शिक्षा झाली. चौदा दिवस जादा काम आणि छावणीबाहेर बंदी. रोज संध्याकाळी रणगाड्यांच्या साखळ्यांतला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने काढायचा. शिक्षा वाजवी होती. त्यापुढे जे झालं ते मात्र अनपेक्षित. सरावांतल्या नुकसानीची पाहणी करणारं एक पथक असायचं, त्याच्या कॅप्टनला ड्रायव्हर हवा होता. त्याने यादी पाहून मला बोलावलं आणि म्हणाला, ‘तुला या विषयाचा अनुभव आहे.’

असा मी पंचनाम्याच्या पथकात गेलो. मेकॅनिकचं काम चालूच, सराव असला की हे. पथकात कॅप्टन, मी आणि एक जर्मन मुलकी कर्मचारी, वय साठीच्या घरात. हा गृहस्थ तरुणपणी युद्धकैदी म्हणून टेक्सासात होता, कापूस वेचायला. त्यामुळे त्याचं इंग्रजी अस्सल टेक्सासी, आणि आमच्या न्यूयॉर्कवाल्या कॅप्टनला ते समजायला जड जायचं. मीच दुभाषा, इंग्रजीतून इंग्रजीत.

भरपाईची पद्धत अशी. शेतकऱ्याने नुकसान गावच्या कार्यालयात नोंदवायचं, तिथून कागद जर्मन सरकारच्या संरक्षणखर्चाच्या कार्यालयाकडे. पैसे जर्मन कार्यालय द्यायचं आणि नाटोच्या करारानुसार मग त्यातले ७५ टक्के अमेरिका भरायची, २५ टक्के जर्मनी. म्हणजे माझ्या ट्रकने पाडलेल्या खांबाचा पाव खर्च त्या बाईच्याच सरकारने सोसला. हे तिला कळल्यावर ती म्हणाली, रशियनांना अडवायला तुम्हाला आमच्या सरकारनेच बोलावलंय ना, मग भरू दे.

टेक्सासी आजोबांकडून मी जे शिकलो ते फौजेत दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. शेतात गेल्यावर तो आधी काही बोलायचा नाही. खिशातून लाकडी घडीची पट्टी काढून रणगाड्याच्या चाकोरीत उभी धरायचा. मग चाकोरीच्या तळाची माती चिमटीत घेऊन चोळायचा. पीक मेलं, ते डोळ्यांना दिसतं, त्याचे पैसे सोपे. पण खाली माती दाबून वीट झाली असेल तर पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत, पुढचे दोन-तीन हंगाम त्या पट्ट्यात पीक गुडघ्याएवढंच येतं. हे तो फॉर्मवर वेगळं लिहायचा. कॅप्टनला सुरुवातीला वाटलं की म्हातारा आपल्या लोकांच्या बाजूने खर्च वाढवतोय. नंतरच्या उन्हाळ्यात तो आम्हाला मुद्दाम त्याच शेतावर घेऊन गेला. बार्लीच्या शेतात दोन समांतर पट्टे, बाकीच्या पिकापेक्षा हातभर बुटके, सरळ टेकडीवर चढत गेलेले. रणगाडा कुठे थांबला आणि कुठे वळला तेसुद्धा पिकात वाचता येत होतं. कॅप्टनने फोटो काढला आणि त्यानंतर त्या रकान्याबद्दल कधी प्रश्न विचारला नाही.

शेतकरी सगळेच साधे होते असंही नाही. एकाने सांगितलं की रणगाड्याने कुंपणाचे चाळीस खांब मोडले. खांब मोडलेले होतेच. आजोबाने एक उचलला आणि मोडलेली बाजू माझ्यापुढे धरली. राखाडी, शेवाळलेली. मग दुसरा उचलला. पिवळसर पांढरं ताजं लाकूड, चीक ओला. ‘मोज,’ मला म्हणाला. ताजे निघाले सहा. शेतकऱ्याने खांदे उडवले, घरातून तीन ग्लास आणि एक बाटली आणली. सहा खांबांची नोंद झाली. आमच्या बरॅकमध्ये तर अशी दंतकथाच होती की काही शेतकरी जुनी कोठारं रंगवून रणगाड्यांची वाट बघतात. असेलही. पण मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक जण फॉर्म भरून झाल्यावरही शेताच्या बांधावर उभे राहायचे, आम्ही दिसेनासे होईपर्यंत.

त्या बाईचा खांब दुरुस्त व्हायला वर्ष गेलं. पुरातन वास्तू म्हणून कोणता पाथरवट चालेल हेही सरकारी खातं ठरवणार. खर्च ४,२०० मार्क. आत पोलादी सळई घालून दोन तुकडे जोडले. मी शिक्षा संपल्यावर पहिल्या रविवारी माफी मागायला गेलो. हेड स्टार्टच्या जर्मनमध्ये माफी कशी मागतात ते नव्हतं, बिल कसं मागतात ते होतं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि लाकूड फोडता येतं का विचारलं. त्यानंतर मी महिन्यातून एक-दोन रविवार जायचो. लाकूड फोडायचो आणि स्वयंपाकघरात बसून जर्मन शिकायचो. चूक केली की ती टेबलावर बोटाने टकटक करायची, दुरुस्त करून सांगायची नाही. सगळे तिला ‘ओमा’ म्हणत, म्हणजे आजी. मीही म्हणायला लागलो. दुपारी एक ते तीन मात्र कुऱ्हाड बंद, शेजाऱ्यांची झोप. रविवारी लाकूड फोडणंच मुळात शेजाऱ्यांना खपत नव्हतं, पण ती म्हणायची, ‘फौजेचा माणूस आहे, नुकसानभरपाई करतोय.’

तिची धाकटी बहीण पलीकडे होती. पलीकडे म्हणजे सरळ रेषेत सहा किलोमीटर. १९७३ पासून सीमेलगतच्या पश्चिमेकडच्या लोकांना दिवसभरासाठी पूर्वेच्या सीमावर्ती जिल्ह्यांत जायची परवानगी मिळू लागली होती. पण बहिणीचं गाव सीमेपासूनच्या पाच किलोमीटरच्या निषिद्ध पट्ट्यात, तिथे बाहेरच्या माणसाला बंदी. तेव्हा ओमाने मोठा वळसा घालून चौकीवरून पलीकडे जायचं, रोजचे २५ मार्क सक्तीने बदलून घ्यायचे, बहिणीने पट्ट्यातून बाहेर मायनिंगेनला यायचं आणि दोघींनी एका हॉटेलात कॉफी प्यायची. संध्याकाळी परत. ती त्या कॉफीबद्दल फार वाईट बोलायची.

आता आपल्या फोटोतली जागा. राझडॉर्फ हे पश्चिमेचं शेवटचं गाव, गायझा हे पूर्वेचं पहिलं, मध्ये टेकडीवर आमचा पहारा, पॉइंट अल्फा. समोर त्यांचा मनोरा इतका जवळ की त्यांच्या शिपायाने सिगारेट पेटवली तर दिसायची. त्यांच्याशी बोलायचं नाही, हात हलवायचा नाही, कोणतीही खूण करायची नाही, अशी सक्त ताकीद. ते आमचे फोटो काढायचे, आम्ही त्यांचे. मी वर जायचो तो जनरेटर बिघडला की. ओमाला हे कळल्यावर तिने एकदाच, लाकडाच्या ढिगाकडे बघत, विचारलं की बहिणीच्या घराच्या धुराड्यातून धूर येतो का, तेवढं दिसतं का. वर काय दिसतं ते बाहेर बोलायला आम्हाला बंदी होती. तरी पुढच्या वेळी मी दुर्बिणीतून पाहिलं. गावात होती तेवढी सगळी धुराडी धुरकटत होती, तो लिग्नाइट कोळशाचा आंबूस वास वारा असेल तर आमच्याकडेही यायचा. ओमाला सांगितलं, सगळ्यांच्या धुराड्यांतून धूर येतोय. ती म्हणाली, ‘जानेवारी आहे. मी तुला घर विचारलं होतं.’

१९८५ च्या ऑगस्टमध्ये ऱ्हाइन-माइन तळावर स्फोटकं भरलेली गाडी उडवली. आदल्या रात्री अतिरेक्यांनी आमच्या एका वीस वर्षांच्या शिपायाला मारलं होतं, नुसत्या ओळखपत्रासाठी, तळात शिरायला. मी एकवीस वर्षांचा होतो. त्यानंतर बाहेर पडलं की माझा हात आपोआप पाकिटाकडे जायचा, तो अजूनही जातो. पुढच्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या डिस्कोतला बॉम्ब. आई पत्रांतून विचारायची, सगळं ठीक ना. लष्करी पोस्टामुळे अमेरिकेतल्या अमेरिकेत असावं तसं २२ सेंटच्या तिकिटात पत्र यायचं, म्हणून ती भरपूर लिहायची. मी तिला धबधबे आणि किल्ले कळवायचो. तुमच्या लेखकांनी बहुधा अशीच पत्रं वाचली असावीत.

आणि मग चेर्नोबिल. १९८६ च्या मे महिन्यात रोज वेगळा आकडा. दुधात किरणोत्सारी आयोडीन किती चालेल यावर बॉनचं केंद्र सरकार म्हणे लिटरला ५०० बेकरेल (किरणोत्साराचं माप), आमच्या हेसे प्रांताचं सरकार म्हणे २०. मुलांना वाळूत खेळू देऊ नका, पावसात भिजू नका. ओमाच्या परसात कोवळ्या लेट्यूसच्या तीन ओळी होत्या. ती कधी न डगमगणारी बाई त्या ओळींपुढे हात कमरेवर ठेवून उभी होती आणि मला विचारत होती, तुमच्या फौजेकडे यासाठी फॉर्म आहे का. नव्हता. मी फावड्याने तिन्ही ओळी उलट्या केल्या. थोड्या दिवसांनी बहिणीचं पत्र आलं. पलीकडे रेडिओवर काही विशेष सांगितलं नव्हतं, उलट तिने आनंदाने लिहिलं होतं की यंदा कधी नव्हे ते दुकानांत लेट्यूस आणि काकड्या हव्या तेवढ्या मिळतायत. पश्चिमेने घेतला नाही तो माल होता तो. ओमाने पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, मध्येच थांबली आणि उठून चुलीत लाकूड घालायला गेली. चूल पेटलेली नव्हती.

मी १९८८ च्या वसंतात परतलो. १९८९ च्या नोव्हेंबरात टीव्हीवर जगभर बर्लिन दिसत होतं, तिथे काही माझ्या ओळखीचं नव्हतं. जी सीमा जवळजवळ १,४०० किलोमीटर लांब होती तिच्याकडे कॅमेरे फारसे गेले नाहीत. बर्लिनभोवतीची भिंत १५५ किलोमीटर. त्यामुळेच बहुधा आजही कुठलाही मनोरा दिसला की लोक ‘बर्लिन’ लिहितात. ओमाने नाताळला पत्र पाठवलं, तिची अक्षरं मला नेहमी कष्टाने लागायची. बहीण घरी येऊन गेली होती, पायी. बाकी पत्र बहिणीने आणलेल्या केकच्या दोषांबद्दल होतं.

२००९ मध्ये बायकोला घेऊन गेलो. आमची छावणी बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. पॉइंट अल्फावर आता संग्रहालय आहे, तिकीट काढून मनोरा बघता येतो. तिथल्या मार्गदर्शकाला मी जनरेटरची खोली दाखवली, तो खूश झाला. ओमाच्या घरात दुसरे लोक राहत होते आणि तिचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. खांब जागेवर आहे. मध्ये कमरेच्या उंचीवर सांधा दिसतो, भोवतीच्या दगडापेक्षा उजळ रेघ, एका बाजूने शेवाळ धरलेली. गाडी लावताना बायको खाली उतरली आणि न सांगता मागे उभी राहून हाताने खुणा करू लागली. ही गोष्ट तिला मी दोनशे वेळा सांगितली असेल.

नुकसानीच्या त्या फॉर्मची कार्बन प्रत माझ्याकडे अजून आहे, निळी, घडीवर फाटलेली. हवी असल्यास बाईचं आणि गावाचं नाव झाकून पाठवतो, लेखकांना दाखवा. फोटोखालची ओळ मात्र येत्या अंकात अशी छापावी: पॉइंट अल्फा, हेसेमधील राझडॉर्फ आणि थुरिंगियातील गायझा यांच्या मध्ये. उजवीकडचा मनोरा अमेरिकी, डावीकडचा पूर्व जर्मन.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये ही विनंती)